ऊब कुठून निसटते?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारी बस मिठागरे मागे टाकते, डोंगरीचा चढ ओलांडते आणि शेवटी चौक गावाशी येऊन थांबते. पुढे रस्ता नाही, पाणी आहे. समोर वसईची खाडी समुद्राला मिळते, पलीकडच्या काठावर वसईचा किल्ला दिसतो आणि अलीकडच्या उंचवट्यावर धारावी किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. चिमाजी आप्पांच्या 1737 ते 1739 च्या वसई मोहिमेत या टोकाला मोठे महत्त्व होते, कारण इथून खाडीच्या तोंडावर नजर ठेवता येते. जानेवारीच्या पहाटे मात्र इथे सर्वांत आधी जाणवतो तो वारा. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, कोरडा, अंगाला झोंबणारा. शाळेच्या भूगोलात त्याला मतलई वारा म्हणतात. दिवसा समुद्राकडून येणारा तो खारा वारा.

महाराष्ट्राच्या थंडीची गोष्ट या किनाऱ्यावरून सुरू करणे थोडे चमत्कारिक वाटेल. पण थंडी म्हणजे नेमके काय, हे समजायला किनाऱ्याइतकी चांगली जागा नाही.

22 जानेवारी 1962 या दिवशी मुंबईतल्या सांताक्रूझ वेधशाळेत पारा 7.4 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. मुंबईच्या नोंदींतला हा नीचांक. त्याच दिवशी कुलाब्याला तापमान होते 11.7 अंश. शहर एक, पहाट एक आणि फरक चार अंशांहून जास्त. कुलाबा तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले आहे. हिवाळ्यातही मुंबईजवळच्या समुद्राचे पाणी साधारण 24–25 अंशांवर असते, आणि रात्रभर ते ही ऊब हळूहळू सोडत राहते. सांताक्रूझच्या मोकळ्या जमिनीजवळ असा साठा नाही. सूर्य मावळला की ती लगेच निवू लागते.

म्हणूनच भारतीय हवामान विभाग थंडीची लाट ठरवताना सगळ्यांना एकच माप लावत नाही. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली गेले आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरले, की थंडीची लाट म्हणतात. किनाऱ्यावर हीच मर्यादा 15 अंशांची आहे. पंधरा अंश म्हटल्यावर कडाक्याच्या थंडीतल्या निफाडचा द्राक्षबागायतदार हसेल. पण चौकच्या कोळीवाड्यातली घरे वारा खेळता राहावा म्हणून बांधलेली असतात, कपाटात स्वेटर एखादाच असतो आणि वर्षाचे दहा महिने शरीराला घाम गाळायची सवय झालेली असते. अशा ठिकाणी पंधरा अंश म्हणजे खरोखरीची थंडी. पाऱ्याचा आकडा अर्धीच हकीकत सांगतो. उरलेली अर्धी हकीकत अंगातली ऊब कोणत्या वाटेने बाहेर जाते याची आहे.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारण शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता तयार करत असते. तिच्या जोरावर शरीराच्या आतले तापमान 37 अंशांच्या आसपास टिकते. बाहेर गारठा वाढला की शरीर आधी कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळून घेते, म्हणून हातपाय थंडगार पडतात. तेवढ्याने भागले नाही तर हुडहुडी भरते. हे स्नायूंचे भराभर आकुंचन असते आणि त्यातून नेहमीच्या कितीतरी पट उष्णता निर्माण होते. तरीही जमा कमी आणि खर्च जास्त होत राहिला आणि आतले तापमान 35 अंशांखाली गेले, तर जिवाला धोका सुरू होतो. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही.

ओल आणि वारा

याचा सर्वांत कटू पुरावा डिसेंबर 2021 च्या पहिल्या दोन दिवसांत मिळाला. अरबी समुद्रावरच्या हवामानामुळे राज्यात अवकाळी पाऊस झाला. पुणे आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर या भागांत मेंढपाळांचे वाडे उघड्या रानावर उतरलेले होते. दिवसरात्र पाऊस, त्यात गार वारा. दुसऱ्या दिवशी शेकडो मेंढ्या आणि शेळ्या मरून पडलेल्या होत्या. पारा गोठणबिंदूच्या जवळपासही गेला नव्हता. याहून गार, पण कोरड्या कितीतरी रात्री याच मेंढ्यांनी उघड्यावर काढल्या होत्या.

मग झाले काय? लोकरीची ऊब लोकरीत नसते. केसांच्या गुंत्यात अडकून बसलेली हवा ऊब राखते, कारण स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश पुढे सरकते. पावसाने ही हवा हटवली आणि तिची जागा पाण्याने घेतली. पाणी हवेच्या जवळजवळ पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यातच वाऱ्याने अंगावरचे पाणी उडत राहिले, आणि पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता जनावराच्या अंगातून जात राहिली. उपाशी, गाभण आणि लहान जनावरांजवळ जाळायला चरबीही फारशी नव्हती.

पहाटे बोटीवर जाळे ओढणाऱ्या कोळ्याला हेच दोन शत्रू एकाच वेळी भेटतात: ओल आणि वारा. हवा सतरा-अठरा अंशांची असली तरी भिजलेला सदरा आणि अंगावर येणारा मतलई वारा मिळून बोटे बधिर करतात. बधिर बोटांनी दोर सुटतो, गाठ नीट बसत नाही, आणि समुद्रावर एवढी चूकही महागात पडते. म्हणून बोटीवर कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवणे आणि वारा अडवणारा साधा रेनकोट अंगावर चढवणे, हे जाडजूड स्वेटरपेक्षा जास्त कामाचे. स्वेटरच्या विणीतून वारा आरपार जातो. त्यावर पातळ प्लास्टिक आले की आतली हवा जागच्या जागी थांबते.

महाराष्ट्रातल्या जुन्या पांघरुणांमागे हाच हिशेब आहे. गोधडी म्हणजे जुनी लुगडी, धोतरे, साड्या थरावर थर ठेवून दाट टाक्यांनी शिवलेली. त्यातला एकेक थर विरविरीत असतो, पण दोन थरांमध्ये हवा अडकते, आणि टाक्यांमुळे थर सरकत नाहीत. थंडीत एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे घाला, हा आजचा सल्ला आजीच्या गोधडीत आधीच शिवलेला होता.

घोंगडीची करामत आणखी वेगळी. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. तिचे सूत कातून, त्याला चिंचोक्याची खळ देऊन सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर भागांत सनगर विणकर मागावर घोंगडी विणत आले आहेत. ही लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि ओल शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन पावसात उभा राहिलेला धनगर वाऱ्याला आणि ओलीला एकाच वस्तूने तोंड देत असतो. सुती चादरीला हे जमत नाही. ती भिजली की अंगाला चिकटते आणि ऊब काढून घेते.

मोकळे आभाळ

ऊब निसटण्याची तिसरी वाट डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक उबदार वस्तू अदृश्य किरणांच्या रूपाने सतत उष्णता बाहेर टाकत असते. रात्री जमीन, झाडे, पत्रे, माणसे ही सगळी आपली उष्णता आभाळाकडे पाठवतात. ढग असतील तर ते त्यातला बराच भाग परत खाली पाठवतात. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर उष्णता थेट निघून जाते. म्हणून चांदण्या लखलखतात त्या रात्री गारठा कडक असतो.

महाराष्ट्रात ही परिस्थिती बहुतेक वेळा उत्तरेकडून येते. भूमध्य समुद्राकडून सरकत येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ आणि पंजाब-हरियाणात पाऊस देतात. ते पुढे सरकले की मागोमाग उत्तरेचे कोरडे, थंड वारे मध्य भारत ओलांडून खाली उतरतात. विदर्भ आणि खानदेश त्यांच्या वाटेवर पहिले येतात. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर गेला तो अशाच वाऱ्यांनी. नाशिकची नोंद तर त्याहून खालची आहे. 7 जानेवारी 1945 ला तिथे 0.6 अंश नोंदले गेले.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचे नाव दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येते. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमान नोंदले जाते आणि डिसेंबर 2018 च्या अखेरीस ते दोन अंशांच्या आसपास पोहोचले होते. गोदावरीकाठचा हा सपाट, मोकळा पट्टा. थंड हवा जड असते. वारा पडलेल्या रात्री ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल जागी साचून राहते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात पहाटे गवतावर हिमकण दिसतात, आणि गावातल्या तापमापकावर मात्र चार-सहा अंश असतात, त्याचेही कारण हेच. तलाव खोलगट भागात आहे. शिवाय तापमापक जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. थेट आभाळाखाली पसरलेले गवत त्या पेटीतल्या हवेपेक्षा कितीतरी गार पडते. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीतल्या तोरणमाळ आणि डाब या भागांतही दवाचा असाच बर्फ होतो.

निफाडच्या बागायतदाराला ही अदृश्य वाट चांगली ठाऊक आहे, कारण त्याचे वर्षाचे पीक ऐन थंडीत मण्यांवर असते. पारा घसरला की वेलीच्या मुळांचे काम मंदावते, मण्यांची फुगवण थांबते, साखर भरायला उशीर होतो आणि पहाटेच्या गारठ्याने मण्यांना तडे जातात. मग बागेत रात्री शेकोट्या पेटतात. त्यांची धग वेलीपर्यंत थोडीच पोहोचते, पण जागोजाग पेटवलेल्या लहान लहान शेकोट्या साचलेली थंड हवा ढवळतात. दुसरा उपाय पाण्याचा. पहाटे ठिबक सुरू करतात. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जमिनीखालून येते, त्यामुळे ते बाहेरच्या हवेपेक्षा बरेच उबदार असते. शिवाय ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. वेल मात्र भिजवायची नाही, जमीन भिजवायची.

दिवसा कडक ऊन आणि रात्री कडाका, असा मोठा फरक पडू लागला की हिरव्या द्राक्षांचे मणी गुलाबी पडतात. शेतकरी त्याला पिंक बेरी म्हणतात आणि असा माल निर्यातीतून बाद होतो. त्यावर उपाय म्हणून हजारो घडांना एकेक करून कागद गुंडाळतात. कागदाने दिवसाचे ऊन आणि रात्रीचे आभाळ दोन्ही अडते. हे काम मजूर हाताने करतात आणि त्याचा खर्च एकरी मोजावा लागतो, तरी लोक करतात. शेजारच्या शेतातला गहू मात्र याच थंडीने खूश असतो. गव्हाचे फुटवे आणि दाणे गारव्यातच चांगले भरतात. एकाच बांधाच्या दोन्ही बाजूंना एकच पहाट वेगळी असते.

माणसाच्या बाबतीतही आभाळ अडवणे हा मोठा उपाय आहे. ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जळगावच्या गावांतून निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कारखान्याभोवती कोप्यांमध्ये राहतात. कोपी म्हणजे बांबू, चटई, ताडपत्री आणि पाचटाची टिचभर झोपडी. भिंती वाऱ्याला पुरत नाहीत, पण डोक्यावरचे आच्छादन आभाळ अडवते. मोठा धोका खालून असतो. गार, ओलसर जमिनीला टेकलेले अंग रात्रभर ऊब गमावते. पांघरूण दोन असतील तर त्यातले एक खाली गेले पाहिजे. तेही नसेल तर कोरडे पाचट किंवा कडबा वीतभर जाड पसरून त्यावर अंथरूण टाकावे. शहरातल्या पदपथावर झोपणाऱ्यासाठी हेच काम पुठ्ठा करतो. थंडीत ब्लँकेट वाटणाऱ्या मंडळांनी सोबत एकेक जाड चटई दिली, तर त्याच ब्लँकेटची ऊब कितीतरी वाढेल.

पोटातली शेगडी

आच्छादन ऊब टिकवते, पण ती तयार होते अन्नातून. मराठी माणसाच्या आठवणीत याचे सर्वांत दुःखद उदाहरण पानिपतचे आहे. सदाशिवरावभाऊंचे सैन्य नोव्हेंबर 1760 पासून पानिपतला तळ देऊन होते. हळूहळू रसदेच्या वाटा बंद झाल्या. जानेवारीत हरियाणाच्या मैदानात पारा सहज एकअंकी होतो, आणि दख्खनमधून आलेल्या फौजेच्या सोबत बायका, मुले, यात्रेकरू असे हजारो बिनलढाऊ लोकही होते. गारठ्यात शरीराला जास्त इंधन लागते आणि तेच मिळेनासे झाले. 14 जानेवारी 1761 ला सैन्य बाहेर पडले ते उपासमारीने खंगलेल्या अवस्थेत. पराभवाची कारणे अनेक आहेत, पण थंडी आणि भूक एकमेकींना कशा बळ देतात हे त्या दोन महिन्यांत दिसते.

घरोघरच्या स्वयंपाकाला हे गणित पक्के ठाऊक आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी येते, तेव्हा तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि वांगी, गाजर, हरभरा, पावटा, घेवडा यांची मिसळीची भाजी होते. तिळात जवळजवळ निम्मे तेल असते, आणि चरबीच्या एका ग्रॅममधून पिष्टमय पदार्थांच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, कुळथाचे गरम पिठले, देशावर हुरडा, रायगडात पोपटी, वसई-पालघरकडे उकडहंडी. यातले काही पदार्थ शेकोटीभोवती बसून खाल्ले जातात, त्यामुळे पोटाला आणि अंगाला एकदमच ऊब मिळते.

दारूने ऊब येते हा समज मात्र घातक आहे. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, गरम रक्त पृष्ठभागावर येते आणि अंग तापल्यासारखे वाटते. खरे तर त्या वेळी आतली ऊब बाहेर पळत असते, आणि हुडहुडीही मंदावते. थंड रात्री पिऊन उघड्यावर झोपलेला माणूस म्हणून सर्वांत जास्त धोक्यात असतो.

दुसरा धोका बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीचा. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. डोके दुखते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझरही असाच बळी घेतो. शेगडी पेटवायची तर दार-खिडकी किलकिली ठेवून, आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर नेऊनच. गॅस गिझर न्हाणीघराबाहेरच असावा.

म्हाताऱ्या माणसांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. वयाबरोबर हुडहुडी कमी होते आणि गारवा जाणवेनासा होतो, शिवाय आवळलेल्या रक्तवाहिन्यांमुळे रक्तदाब चढतो. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात थंडीत वाढतात ते यामुळे. पहाटेचा फेरफटका ऊन पडल्यावर घेणे, डोके-कान झाकणे, पायमोजे घालून झोपणे हे साधे उपाय त्यांच्यासाठी औषधाइतके मोलाचे. एखादा माणूस गारठून बरळू लागला, अडखळू लागला आणि त्याची हुडहुडी थांबली, तर ते बरे होण्याचे लक्षण नाही, बिघडण्याचे आहे. अशा वेळी आधी ओले कपडे काढावेत, कोरड्यात गुंडाळावे, छाती-पोटाला हळूहळू ऊब द्यावी, शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्यावा आणि लगेच दवाखाना गाठावा. हातपाय जोरात चोळू नयेत. त्याने बाहेरचे गार रक्त एकदम हृदयाकडे येते.

चौकच्या वलांडीवर

पुन्हा चौकला आले की याच थंडीची दुसरी बाजू दिसते. उत्तन, पाली, चौक या किनाऱ्यावर हिवाळ्यात बांबूंच्या वलांड्या उभ्या राहतात. बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या दोरीवर टांगल्या जातात. ताजा बोंबील म्हणजे बहुतांश पाणीच. ते काढायला कडक उन्हापेक्षा कोरडा, वाहता वारा हवा. पहाटे बोटीवर बोटे बधिर करणारा मतलई वारा इथे बोंबील वाळवतो, कारण अंगावरची ओल उडवणे आणि माशातली ओल उडवणे हे त्याच्या दृष्टीने एकच काम. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळामुळे ऐन हंगामात पाऊस आला, हवा दमट झाली आणि वाळत घातलेला माल खराब झाला. कोळणींना त्या वर्षी निरभ्र आभाळाची किंमत कळली.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ऊन वर येते तशी जमीन तापते, मतलई वारा मंदावतो. दुपारी खारे वारे सुरू होतात तेव्हा हवेत पुन्हा ओल येते. त्याआधी वलांडीवरचा माल चाचपून पाहायचा असतो. कोणत्या ओळी उद्याच्या पहाटेच्या वाऱ्यावर ठेवायच्या आणि कोणत्या आज उतरवायच्या, हे बाया बोंबलाची शेपटी दोन बोटांत वाकवून ठरवतात.